संकरपैदाशीसाठी जातीची निवड

गाईला आज रेतन केले, तर त्यातून होणाऱ्या कालवडीचे पहिले दूध भांड्यात पडावयास सव्वातीन ते पावणेचार वर्षे लागतात. गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. त्यानंतर संकरित कालवड चांगल्या संगोपनात अडीच ते तीन वर्षांची झाली म्हणजे विते. भाताचे बियाणे चुकले तर एक हंगाम जातो. वळूची जात चुकली तर चार वर्षे जातात, आणि ती चूक गोठ्यात उभी राहून रोज चारा खात असते. यास्तव संकर करावा किंवा नाही, आणि करावयाचा तर कोणत्या जातीचा, हा प्रश्न रेतनाच्या दिवशी घाईने सोडविण्याचा नसून आधी हिशेब मांडून सोडविण्याचा आहे.

पालघर तालुक्यात बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यालगत असलेल्या कुंभवलीसारख्या गावांत हा प्रश्न विशेष निकडीचा झाला आहे. घरातील तरुण माणसे कारखान्यात पाळीने कामास जातात. चिखलणी पुष्कळ ठिकाणी पॉवर टिलरने होते. बोईसरच्या वस्तीस रोज ताजे दूध हवे असते. म्हणजे बैलाची गरज कमी झाली व दुधाची वाढली. परंतु पाऊस, दमट हवा, गोचिडांचा उपद्रव आणि उन्हाळ्यातील हिरव्या चाऱ्याची टंचाई या गोष्टी पूर्वी होत्या तशाच आहेत. जनावराची जात निवडताना बाजाराची मागणी व गावची हवा या दोहोंचा मेळ घालावा लागतो.

संकर म्हणजे काय व त्याने काय साधते

दोन भिन्न जातींच्या नरमादीपासून होणाऱ्या संततीस संकरित म्हणतात. अशा संततीत दोन लाभ दिसून येतात. पहिला लाभ असा की, एका जातीचा एक गुण व दुसरीचा दुसरा गुण एकत्र येतो. उदाहरणार्थ, विदेशी जातीचे लवकर वयात येणे व अधिक दूध देणे आणि देशी जातीची उष्णता व रोग सोसण्याची शक्ती. दुसरा लाभ म्हणजे संकरजोम. आईबापांच्या जाती एकमेकींपासून जितक्या दूरच्या, तितका हा जोम अधिक. वासराचे जगणे, त्याची वाढ आणि गाईचे वेळेवर गाभण राहणे यांत तो विशेष प्रकट होतो. वशिंड असलेली आपली गाय व वशिंड नसलेली युरोपीय गाय या फार दूरच्या असल्यामुळे त्यांच्या पहिल्या पिढीत संकरजोम भरपूर मिळतो.

तथापि हा जोम पुढील पिढ्यांत तसाच टिकत नाही, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. निम्मे विदेशी रक्त असलेल्या गाईस तशाच निम्म्या रक्ताच्या वळूचे रेतन केले, तर संततीत विदेशी रक्त सरासरीने निम्मेच राहते, परंतु संकरजोम पहिल्या पिढीच्या अर्ध्यावर येतो. पुन्हा शुद्ध विदेशी वळू वापरला, तर रक्त पाऊण होते, आणि जोम तेथेही अर्धाच राहतो. शिवाय उष्णता सोसण्याची शक्ती घटते ती वेगळीच. पहिल्या पिढीची कालवड उत्तम निघाली म्हणून तिच्या मुलीही तितक्याच उत्तम निघतील, असे धरून चालू नये.

जगातील अनुभव

परदेशात मांसासाठी कळप पाळणाऱ्यांनी संकराचे शास्त्र पुष्कळ पुढे नेले, आणि त्यात भारतीय गाईबैलांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील उष्ण व गोचिडग्रस्त कुरणांत युरोपीय जनावरे टिकेनात, तेव्हा तेथे गीर, कांकरेज, ओंगोल व कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली या भारतीय जातींच्या वंशातून ब्राह्मन नावाची जात घडविण्यात आली. टेक्सासमध्ये शॉर्टहॉर्नचे पाच अष्टमांश व ब्राह्मनचे तीन अष्टमांश रक्त राखून सांता गर्ट्रुडिस ही जात तयार झाली. तिला १९४० मध्ये मान्यता मिळाली. ब्राझीलमध्ये दुधासाठी हॉल्स्टिनचे पाच अष्टमांश व गीरचे तीन अष्टमांश रक्त असलेली गिरोलँडो उभी राहिली. या सर्व उदाहरणांत एकच सूत्र आहे: उष्ण प्रदेशात टिकणारे जनावर हवे असेल, तर देशी रक्ताचा भरीव हिस्सा सोडून चालत नाही.

आपल्याकडे मात्र मांसासाठी गोवंशाचा कळप पाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी होती. २०१५ मधील दुरुस्तीने वळू व बैल यांच्या कत्तलीसही बंदी झाली. त्यामुळे संकराचा हेतू दूध व काही अंशी शेतकाम एवढाच राहतो. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, ती शेतकरी बंधूंनी नीट ध्यानात घ्यावी. परदेशातील कळपवाला नको असलेला नर विकून मोकळा होतो. येथे संकरित गोऱ्हा जन्मला, तर तो कामास लावावा लागतो किंवा पोसावा लागतो. संकराचा हिशेब करताना अर्धी वासरे नर होणार, हे आधीच धरले पाहिजे.

हाताशी असलेल्या जाती

डांगी: डांगचा डोंगराळ मुलूख, नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीकडील भाग, अकोले तालुका आणि पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा हा या जातीचा परिसर होय. पांढऱ्या अंगावर तांबडे किंवा काळे ठिपके व धब्बे, हा तिचा सहज ओळखू येणारा रंग. तिच्या कातडीतून तेलकट स्राव सुटतो. त्यामुळे मुसळधार पावसातही अंग लवकर भिजत नाही. खूर काळे व कठीण असतात. चिखलात व खडकाळ वाटेवर ते टिकतात. भातखाचरात ओढकाम करावे तर डांगी बैलानेच. दूध मात्र बेताचे, बहुधा दिवसास दोन-तीन लिटर.

कोकण कपिला: कोकणपट्टीतील लहान चणीची गाय. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. जिला आजवर केवळ गावठी म्हणून हिणविले जात होते, तीत पुष्कळ ठिकाणी हीच गाय असते. पेंढा व पडीक जमिनीवरील गवत यांवर ती निभावते, दरवर्षी पावसात उभी राहते, पण दूध थोडे देते.

गीर: काठेवाडातील दुधाळ देशी जात. कपाळ फुगीर, कान लांब व पानासारखे मुडपलेले, शिंगे मागे वळलेली. उष्णता व गोचीड चांगले सोसते. गावठी गाईस गीर वळूचे रेतन केल्यास सुधारणा सावकाश होते, परंतु धोका कमी असतो, आणि गोऱ्ह्यास वशिंड असल्यामुळे तो जुवाखाली चालतो.

जर्सी: इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावरील लहान चणीची जात. दुधात स्निग्धांश सुमारे पाच टक्के. विदेशी जातींत ही आकाराने आटोपशीर असल्यामुळे तिला चारा तुलनेने कमी लागतो व उष्णता ती हॉल्स्टिनपेक्षा बरी सोसते. लहान गावठी गाईस जर्सीचे वासरू सहसा अडत नाही.

हॉल्स्टिन फ्रिजियन: हॉलंडकडील काळीपांढरी, मोठ्या बांध्याची जात. दुधाचे प्रमाण सर्वांत अधिक, स्निग्धांश कमी. तिला भरपूर हिरवा चारा, पाणी, सावली व खेळती हवा लागते. दमट किनारपट्टीवर तिचे जास्त रक्त असलेली गाय उन्हाळ्यात धापा टाकते, खाणे सोडते व माजावर येण्याचे टाळते.

या जातींचे मिश्रण करून महाराष्ट्रातच काही यशस्वी प्रयोग झाले आहेत. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने निम्मे हॉल्स्टिन, पाव जर्सी व पाव गीर असे रक्त असलेली फुले त्रिवेणी तयार केली. उरुळी कांचन येथे १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने गोठविलेल्या रेताच्या साह्याने संकराचे कार्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. हवेच्या दृष्टीने कोकणास अधिक जवळचे उदाहरण केरळचे. तेथे १९६३ मध्ये मट्टुपेट्टी येथे सुरू झालेल्या भारत-स्वित्झर्लंड प्रकल्पाने स्थानिक गाई व ब्राउन स्विस वळू यांच्या संकरातून सुनंदिनी ही गाय घडविण्यास आरंभ केला. भरपूर पावसाच्या व दमट मुलखातही संकर यशस्वी होतो, परंतु स्थानिक रक्ताचा पाया राखून होतो, हा त्यातील बोध आहे.

विदेशी रक्त किती असावे

देशात ठिकठिकाणी झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा आहे की, सर्वसाधारण शेतकऱ्याच्या गोठ्यात विदेशी रक्त निम्म्याच्या आसपास, फार तर पाच अष्टमांशापर्यंत असावे. त्यापुढे रक्त वाढविल्यास दूध त्या प्रमाणात वाढत नाही. उलट गाय उलटण्याचे प्रमाण, आजार व औषधाचा खर्च वाढतो.

दोन गाईंचा हिशेब पाहू. पहिली गाय वेताच्या ३०० दिवसांत रोज सरासरी ७ लिटर, म्हणजे २,१०० लिटर दूध देते. पण तिची दोन वेतांतील अवधी १८ महिन्यांची आहे. दुसरी रोज सरासरी ६ लिटरप्रमाणे १,८०० लिटर देते, पण १३ महिन्यांनी पुन्हा विते. एकूण अवधीवर भागाकार केला, तर पहिलीचे दूध दिवसास सुमारे ३.८ लिटर व दुसरीचे सुमारे ४.६ लिटर पडते. चरवी पाहून पहिली गाय चांगली वाटते. वर्षाचा हिशेब पाहता दुसरी चांगली ठरते. म्हणून विकत घेताना किंवा वळू निवडताना केवळ जास्तीत जास्त दुधाचा आकडा विचारू नये. गाय किती महिन्यांनी विते, हेही विचारावे.

कोणी कोणती जात निवडावी

१. जव्हार, मोखाडा व त्यालगतच्या डोंगरपट्ट्यात ज्यांच्याकडे लक्षणयुक्त डांगी गाई आहेत, त्यांनी विदेशी संकर करू नये. निवडक डांगी वळूच वापरावा. शुद्ध डांगी बैलास गिऱ्हाईक असते, आणि एकदा मोडलेली जात पुन्हा जमविणे कठीण असते.

२. ज्यांची गाय दिवसभर मोकळी चरते, ज्यांच्याकडे पेंढ्याखेरीज चारा नाही व गोठ्यात लक्ष देण्यास माणूस नाही, त्यांनी आपल्या गावठी गाईतील चांगल्या गाई राखून कोकण कपिला, डांगी किंवा गीर वळूचे रेतन करावे. अपुऱ्या चाऱ्यावर संकरित गाय गावठी गाईपेक्षा अधिक लवकर खंगते.

३. ज्यांना विहिरीचे अथवा कूपनलिकेचे पाणी आहे, पाच-दहा गुंठ्यांत संकरित नेपियरसारखे बहुवार्षिक गवत लावता येते, दूध विकण्याची सोय जवळ आहे व पशुवैद्यकीय दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, त्यांनी गावठी गाईपासून निम्म्या रक्ताची जर्सी संकरित कालवड घ्यावी. कुंभवली व बोईसर परिसरातील लहान दूधउत्पादकास सामान्यतः हाच मार्ग मानवेल.

४. हॉल्स्टिनचे रेत फक्त मोठ्या चणीच्या गाईस, म्हणजे गीर किंवा मोठ्या संकरित गाईस, आणि तेही गोठा हवेशीर असून पंखा, पाणी व हिरवा चारा बारमाही असेल तरच वापरावे. लहान गावठी गाईस हॉल्स्टिनचे रेतन करणे धोक्याचे आहे. वासरू मोठे होऊन अडते व प्रसंगी गाय आणि वासरू दोन्ही जातात.

पहिल्या पिढीची जर्सी संकरित कालवड माजावर आली, म्हणजे पुन्हा शुद्ध जर्सीचे रेतन करण्याचा मोह होतो. त्याऐवजी दूधनोंदी असलेल्या आईच्या पोटी जन्मलेल्या निम्म्या रक्ताच्या संकरित वळूचे रेत मागावे. चारा कमी पडत असेल, तर गीर वळू वापरावा. त्या संततीत जर्सीचे रक्त पाव, गीरचे निम्मे व गावठी पाव राहील.

नर वासरांचा प्रश्न

विदेशी रक्ताच्या गोऱ्ह्यास वशिंड फारसे नसते, त्यामुळे आपले नेहमीचे जू त्याच्या मानेवर नीट बसत नाही. शिवाय भर दुपारी तो धापा टाकतो. त्यास कामास लावावयाचे झाल्यास सकाळ-संध्याकाळच लावावे. ज्यांना बैलाची गरज नाही, त्यांनी लिंगनिर्धारित रेतमात्रेचा विचार करावा. तिच्या वापराने सुमारे ९० टक्के वासरे मादी होतात. परंतु तीत शुक्रजंतूंची संख्या कमी असल्यामुळे गर्भधारणेचे प्रमाण साध्या रेतापेक्षा कमी राहते. म्हणून ती निरोगी, नियमित माजावर येणाऱ्या कालवडीस व गाईस वापरावी. वारंवार उलटणाऱ्या गाईवर ती वाया घालवू नये.

रेतनाची वेळ व पद्धत

गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. हंबरणे, अस्वस्थ होणे, दूध एकाएकी कमी होणे, दुसऱ्या गाईवर उडणे व योनीतून काचेसारखा स्वच्छ सोट गळणे ही माजाची लक्षणे होत. सकाळी माज दिसला तर सायंकाळी व सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. कारखान्यातील पाळीमुळे पुरुष घरी नसतात, तेव्हा माज ओळखण्याचे काम घरातील स्त्रियाच करतात. म्हणून ही माहिती प्रथम त्यांना द्यावी.

गोठविलेले रेत उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नत्रात ठेवलेले असते. कांडी बाहेर काढल्यावर ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून मगच वापरतात. कांडीवर वळूची जात व क्रमांक छापलेला असतो. तो शेतकऱ्याने पाहावा व टिपून ठेवावा. क्रमांक न लिहिल्यास पुढे त्याच वळूचे रेत त्याच्याच मुलीस दिले जाते, आणि सगोत्र पैदाशीने दुर्बल वासरे निपजतात. रेतनानंतर दोन ते तीन महिन्यांनी गर्भतपासणी अवश्य करून घ्यावी. शक्य असेल तेथे रेतन जानेवारी-फेब्रुवारीत साधावे, म्हणजे गाय पाऊस सरल्यावर, आश्विन-कार्तिकाच्या सुमारास विते व नवजात वासरू श्रावणातील ओलीपासून वाचते.

संगोपनावाचून संकर व्यर्थ

सुमारे ३५० किलो वजनाच्या व दिवसास ८ लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईस २० ते २५ किलो हिरवी वैरण, ५ ते ६ किलो सुकी वैरण, शरीरपोषणासाठी एक ते सव्वा किलो व दुधासाठी दर लिटरमागे ४०० ग्रॅम याप्रमाणे एकूण साडेचार किलोच्या आसपास आंबोण, आणि क्षारमिश्रण लागते. एवढे देण्याची तयारी नसेल, तर संकर करू नये, हे स्पष्ट सांगणे ग्रामसेवकाचे कर्तव्य आहे.

संकरित जनावरास गोचिडांपासून होणारे थायलेरिओसिस व बबेसिओसिस हे ताप गावठी जनावरापेक्षा लवकर व तीव्र होतात. गोठ्याच्या भिंतीच्या भेगा बुजवाव्या, गोचिडनाशक पशुवैद्याच्या सल्ल्याने वापरावे, आणि ताप येऊन लघवी लाल झाल्यास अथवा खांद्यापुढील गाठ सुजल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या यांच्या, तसेच ठरलेल्या वेळी लाळ्याखुरकूत रोगाच्या लसी टोचून घ्याव्या. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने राज्यात अनेकांचे गोठे ओस पाडले. त्याची लसही चुकवू नये. कारखान्याचे सांडपाणी मिसळल्याची शंका असलेल्या नाल्यावर जनावर पाजू नये. दुभत्या गाईस विहिरीचे स्वच्छ पाणी दिवसभर समोर असावे.

ग्रामसेवकांसाठी

गावात एखादा निकृष्ट वळू मोकळा फिरत असेल, तर वरील सर्व विचार व्यर्थ होतो. गाय सकाळी रेतन करून घेते व दुपारी कुरणात त्याच वळूस भेटते. पुढे वासरू भलत्याच रंगाचे निघाले की दोष रेतनास दिला जातो. म्हणून संकराचे पहिले काम रेतन नसून अशा नरांचे खच्चीकरण हे आहे. ग्रामसभेत सर्वांची संमती घेऊन, पशुधन पर्यवेक्षकास बोलावून, एकाच दिवशी ते करून घ्यावे.

दुसरे काम नोंदवहीचे. प्रत्येक गाईचा कानातील १२ अंकी बिल्ला क्रमांक, तिची जात किंवा रक्ताचे प्रमाण, माजाची व रेतनाची तारीख, वळूचा क्रमांक, विण्याची तारीख, वासराचे लिंग आणि पंधरा दिवसांतून एकदा मोजलेले दूध एवढ्या गोष्टी लिहाव्या. अशी वही चार वर्षे चालली, तर कोणत्या वळूच्या मुली गावच्या हवेत टिकल्या व कोणत्या टिकल्या नाहीत, हे गावास स्वतःच्याच आकड्यांवरून कळेल. बाहेरून आलेल्या कोणत्याही शिफारशीपेक्षा हे ज्ञान अधिक मोलाचे आहे.

शेतकऱ्याने रेतनापूर्वी स्वतःस चार प्रश्न विचारावे: उन्हाळ्यात हिरवी वैरण कोठून येईल? गाय किती मोठी आहे? दूध कोण घेईल? आणि गोऱ्हा झाल्यास त्याचे काय करणार? या चारही प्रश्नांची उत्तरे हाती असतील, तर जात आपोआप ठरते. एखाद्याचे उत्तर नसेल, तर आधी वैरणीचे ठोंब लावावे, गोठा नीट करावा आणि मग वळू निवडावा. मधल्या काळात घरची गावठी गाय राखावी. संकराचा पाया तीच आहे.